पुतळ्यावरचे गुण आणि टेबलावरचा माणूस

वैद्यकीय शिक्षणाविषयी संख्याशास्त्राच्या अध्यापकाने लिहावे, हे कोणास आगंतुकपणाचे वाटेल. पण परीक्षा घेणे, गुण देणे आणि त्या गुणांवरून एखाद्या माणसाविषयी काही ठरवून टाकणे, हा आम्हां सर्वच अध्यापकांचा धंदा आहे. आणि प्रस्तुत लेखात मला बोलायचे आहे ते शस्त्रक्रियेच्या परीक्षेविषयी. शिवाय कोठीत वावरणाऱ्याला वैद्यकविद्येपासून अलिप्त राहणे कठीणच आहे. १८४६ साली सुरू झालेल्या हैदराबाद मेडिकल स्कूलची परंपरा सांगणारे उस्मानिया वैद्यकीय महाविद्यालय येथेच आहे. येथील फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग चाळू लागलो, की कादंबरीच्या आधी शरीरशास्त्राचा ग्रंथ हाती येतो. नांदेड, बिदर, कलबुर्गी या भागांतून उपचारासाठी आलेली माणसे बसस्टॉपवर मराठीत किंवा कानडीत पत्ता विचारताना भेटतात. हा विषय त्यांचा आहे, म्हणून तो आपलाही आहे.

आज शस्त्रक्रिया शिकण्याची सुरुवात रोग्यावर होत नाही, निदान होऊ नये असे मानले जाते. रबरी हातावर शिर शोधायची, कातड्यासारख्या पट्टीवर टाके घालायचे, दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी एका पेटीत कॅमेरा बसवून बाहेरच्या पडद्यावर पाहत लांब दांड्याचे चिमटे चालवायचे, असा हा अभिरूप सराव असतो. आपल्या देशात २०१९ पासून एम्. बी. बी. एस्. चा अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित झाला आणि वैद्यकीय महाविद्यालयात अशा सरावाची स्किल लॅब असणे नियमाने आवश्यक ठरले. ही गोष्ट स्वागतार्ह आहे, यात शंका नाही.

मध्यंतरी अशी एक स्किल लॅब पाहण्याचा योग मला आला. एक विद्यार्थिनी पेटीतील खुंट्यांवरून रबराची कडी उचलून दुसऱ्या खुंट्यांवर बसवीत होती. घड्याळ चालू होते. कडे पडले की गुण कापले जात. शेवटी कागदावर शंभरपैकी ७२ गुण मांडले गेले. शेजारी उभ्या असलेल्या तरुण अध्यापकांना मी विचारले, “या ७२ चा अर्थ काय?” ते हसून म्हणाले, “सर, ७२ म्हणजे ७२. पास.” उत्तर प्रांजळ होते. पण माझ्या मनातला प्रश्न त्याने सुटला नाही. पास म्हणजे काय करण्यास पास? कडी हलवण्यास, की उद्या कोणाच्या पोटात तेच चिमटे घालण्यास? या दोहोंमधील अंतर कोणी मोजले आहे काय?

सराव आधी निर्जीव वस्तूवर करावा, ही कल्पना काही पाश्चात्त्यांनी आपल्याला शिकवलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नवव्या अध्यायात शिष्याने कोणते कर्म कशावर गिरवावे याची यादीच दिली आहे. छेदनासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी अशी फळे. वेधनासाठी मेलेल्या जनावरांच्या शिरा आणि कमळाचे देठ. किडीने पोखरलेले लाकूड आणि बांबू सळई घालून चाचपण्यासाठी. टाके घालण्यासाठी कापडाच्या आणि मऊ कातड्याच्या कडा. बंध बांधण्यासाठी माणसाच्या आकाराचा पुतळा. या यादीत प्रत्येक वस्तूची निवड हेतूने झाली आहे. काकडी माणसासारखी दिसत नाही. पण सुरी किती दाबली म्हणजे किती खोल जाते, हे ती शिकवते. पोखरलेल्या लाकडात सळई घातली की न दिसणारी वाट हाताला कळते. म्हणजे वस्तू हुबेहूब असण्यापेक्षा ती नेमके कोणते कर्म शिकवते, याकडे त्या आचार्यांचे लक्ष होते. आजच्या चकचकीत पुतळ्यांच्या विक्रेत्यांनी ही दृष्टी घेण्यासारखी आहे.

मात्र एक फरक आहे. काकडीवर सराव केलेला शिष्य पुढे गुरूच्या नजरेखाली राही. काकडीने त्याला प्रमाणपत्र दिले नाही. आज पुतळा शिकवतो आणि परीक्षाही घेतो. शिकवण्याचे साधन जेव्हा परीक्षेचे साधन होते, तेव्हा त्याच्याकडून मागायचा पुरावा बदलतो. सराव थोडा निरुपयोगी ठरला तर वेळ वाया जाईल. परीक्षा खोटी ठरली तर अपात्र माणसाच्या हाती सुरी जाईल, किंवा पात्र माणूस दाराबाहेर राहील.

आमच्या शास्त्रात परीक्षेचे दोन गुण सांगतात. एक विश्वसनीयता आणि दुसरा सप्रमाणता. वाण्याचा तराजू रोज तेच वजन दाखवीत असेल तर तो विश्वसनीय झाला. पण त्या तराजूत कलिंगड ठेवून कोणी गोडीचा निवाडा करू लागला, तर तो निवाडा सप्रमाण नाही. तराजूत दोष नसतो; आपण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा असतो. म्हणूनच सॅम्युएल मेसिक आणि त्यांच्यानंतर मायकेल केन या अमेरिकन विद्वानांनी आग्रहाने मांडले, की सप्रमाणता ही साधनाची नसते, ती गुणांवरून काढलेल्या अर्थाची असते. “हा पुतळा प्रमाणित आहे” हे वाक्य त्यामुळे अपुरे आहे. कोणत्या निर्णयासाठी, कोणत्या विद्यार्थ्यांसाठी, कोणत्या ठिकाणी प्रमाणित, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ नाही.

ही चर्चा कोणास नुसती शब्दांची वाटली, तर मी त्यांना आपल्याच शहरातील एका घटनेची आठवण देईन. एडिंबरोच्या सिम्सन यांनी १८४७ च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरात आणले आणि १८४८ च्या जानेवारीतच इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी भूल दिली असता, दगावली. असे मृत्यू श्वास थांबून होतात की हृदय थांबून, यावर पुढे अनेक वर्षे वाद चालला. येथील रेसिडेन्सीचे सर्जन एडवर्ड लॉरी हे एडिंबरोच्या परंपरेतले. श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीची चिंता नको, असे त्यांचे ठाम मत. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ मध्ये हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले आणि कुत्र्यांवर प्रयोग झाले. लंडनच्या ‘लॅन्सेट’ने शंका घेतली, तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने एक हजार पौंड देऊन त्या पत्राचा प्रतिनिधी येथे यावा अशी व्यवस्था केली. १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन हे नामांकित औषधशास्त्रज्ञ आले. दुसऱ्या कमिशनने शेकडो प्राण्यांवर प्रयोग केले, रक्तदाबाचे आलेख घेतले. शंकेखोर म्हणून आलेले ब्रंटन लॉरींच्या मताचे झाले. निष्कर्ष निघाला, की आधी श्वास थांबतो; हृदयाला क्लोरोफॉर्मचा प्रत्यक्ष धोका नाही.

प्रयोग थोडे नव्हते, हयगयीने केलेले नव्हते, आणि पुन्हा करून पाहिले तरी तेच उत्तर येत होते. विश्वसनीयता भरपूर होती. तरीही रोगी मरत राहिले. १९११ मध्ये लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांत दाखवून दिले, की क्लोरोफॉर्मची गुंगी हलकी असतानाच हृदयाची लय एकाएकी विस्कटून मृत्यू येऊ शकतो. लेव्हींनीही प्राणीच वापरले होते, हे ध्यानात घ्यावे. म्हणजे प्राण्यावर प्रयोग केला हा हैदराबादचा दोष नव्हता. तेथील प्रयोगांचा मुख्य भर अतिमात्रेवर होता. टेबलावरचा रोगी मात्र पुष्कळदा भूल पुरती चढण्यापूर्वीच, घाबरलेल्या अवस्थेत दगावत होता. धोक्याचा तो नेमका क्षण प्रयोगात पुरेसा आलाच नाही, आणि तरी निष्कर्ष सर्व माणसांसाठी काढला गेला.

स्किल लॅबच्या प्रत्येक परीक्षेला हाच प्रश्न विचारायला हवा, असे माझे म्हणणे आहे. ज्या क्षणी रोग्याला खरा धोका असतो, तो क्षण या परीक्षेत आहे काय? पेटीतील रबरी कड्याला रक्त येत नाही. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत चिमटा धरता येणे महत्त्वाचे आहेच. पण आपण पित्ताशयाची नळी कापतो आहोत की यकृताकडून येणारी मुख्य नळी, हे ओळखणे आणि शंका आल्यास थांबणे, त्याहून महत्त्वाचे आहे. घड्याळावर गुण देणारी परीक्षा थांबणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा करते. अशी परीक्षा कळत-नकळत काय शिकवील?

आता या परीक्षांचा पुरावा सामान्यतः कसा दिला जातो ते पाहू. अनुभवी सर्जन आणि नवखे विद्यार्थी यांना तीच कसोटी द्यायची. अनुभवी माणसांना जास्त गुण मिळाले, की कसोटी सिद्ध झाली असे जाहीर करायचे. शोधनिबंधांचा मोठा भाग या एका पुराव्यावर उभा असतो. पण समजा, मी अशी कसोटी काढली की ऑपरेशन थिएटरमधील किती परिचारिकांची नावे तुम्हांला पाठ आहेत ते सांगा. अनुभवी सर्जन सहज पहिले येतील, नवखे नापास होतील. माझी कसोटी दोन्ही गट उत्तम वेगळे करील. म्हणून कोणी ती नावे पाठ केली तर तो सर्जन होईल काय? दोन टोकांतला फरक दाखवणे हा पुराव्याचा प्रारंभ आहे. तो शेवट मानणे ही फसगत आहे. आपल्याला तर एकाच वर्षातल्या, एकमेकांच्या जवळपासच्या विद्यार्थ्यांमधून निवड करायची असते.

चांगला पुरावा मिळतच नाही, असे मात्र नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठात १६ निवासी डॉक्टरांचे दोन गट पाडले. एका गटाला नेहमीच्या शिक्षणाबरोबर संगणकीय यंत्रावर सराव दिला. नंतर सर्वांनी खऱ्या रोग्यांवर दुर्बिणीने पित्ताशय सोडवण्याचे काम केले, आणि कोण कोणत्या गटातला हे ठाऊक नसलेल्या परीक्षकांनी चित्रफिती पाहून चुका मोजल्या. सराव केलेला गट २९ टक्के जलद होता आणि त्याच्या चुका दुसऱ्या गटाच्या सुमारे एक षष्ठांश होत्या. संख्या लहान आहे, हे माझ्यासारख्याने सांगायलाच हवे. परंतु प्रश्न योग्य विचारला होता. पेटीतून निघून तो टेबलापर्यंत गेला होता.

दुसरे उदाहरण मिशिगनचे, २०१३ सालचे. लठ्ठपणावरची शस्त्रक्रिया करणाऱ्या २० सर्जनांनी आपली प्रत्येकी एक चित्रफीत दिली. समव्यवसायी सर्जनांनी, ती कोणाची हे न कळता, हस्तकौशल्याला गुण दिले. मग त्याच सर्जनांच्या दहा हजारांहून अधिक रोग्यांची नोंद पाहिली. कौशल्यात सर्वांत खालच्या चतुर्थांशातील सर्जनांच्या रोग्यांत गुंतागुंतीचे प्रमाण १४·५ टक्के निघाले, तर सर्वांत वरच्या चतुर्थांशात ५·२ टक्के. ही परीक्षा पुतळ्यावरची नव्हती, हे खरे. परंतु हाताच्या कामाला दिलेले गुण रोग्याच्या नशिबाशी जोडून पाहता येतात, हे तिने दाखवले. जे पाहता येते ते न पाहणे, ही मग आपली निवड ठरते.

येथे माझे काही डॉक्टर स्नेही हरकत घेतात. ते म्हणतात, “हे सगळे श्रीमंत देशांचे चोचले. आमच्याकडे रोग्यांची रांग संपत नाही. वरिष्ठांची अनुभवी नजर विद्यार्थ्याला पाच मिनिटांत ओळखते.” या हरकतीत तथ्य आहे, आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. अनुभवी नजरेला पुष्कळ कळते. पण वरिष्ठांची नजर हीही एक परीक्षाच आहे, आणि तिची सप्रमाणता तर कोणी कधीच तपासलेली नाही. दोन वरिष्ठ एकाच विद्यार्थ्याविषयी एकच मत देतात काय? मराठी किंवा कानडी माध्यमातून आलेला बुजरा मुलगा आणि फाडफाड इंग्रजी बोलणारा मुलगा, या दोघांचे हात सारखे असले तरी त्या नजरेला सारखे दिसतात काय? टोरांटो येथे १९९० नंतर रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रकौशल्याची जी पद्धतशीर परीक्षा बसवली, तिच्यामागे हीच अडचण होती. तीत निरनिराळी कामे, ठरावीक निकषांचा तक्ता आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांची सांगड आहे. तिला लागतो तो कागद आणि शिस्त. कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

रांगेचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. ही रांग कोणाची असते? ज्याच्यापाशी पैसे आहेत तो अनुभवी सर्जन शोधून त्याच्याकडे जातो. शिकाऊ हात प्रथम फिरतो तो सार्वजनिक रुग्णालयातल्या गरिबावर. पिढ्यान् पिढ्या हे असेच चालले आहे, आणि त्या अनामिक रोग्यांच्या ऋणातून आपली सारी वैद्यकविद्या उभी राहिली आहे. पुतळे आणले ते हे ऋण हलके करण्यासाठी. आता पुतळ्यावरच्या ७२ गुणांकडे बोट दाखवून, न तपासलेला हात आपण अधिक निर्धास्तपणे त्याच रोग्यावर ठेवू लागलो, तर ऋण वाढले असेच म्हणावे लागेल. पूर्वी शिकाऊ डॉक्टरला आपण शिकाऊ आहोत याची जाणीव तरी असे.

कोणी विमानाचा दाखला देतात. वैमानिक जमिनीवरच्या यंत्रात शिकतो, मग सर्जन का नाही? दाखला चांगला आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. विमान माणसाने बनवले आहे. त्याचा प्रत्येक भाग नकाशात आहे. माणसाचे पोट कोणी नकाशावरून बनवलेले नाही. पित्ताशयाच्या नळ्या आणि रक्तवाहिन्या यांची ठेवण माणसामाणसांत निराळी असते. म्हणून आपल्या पुतळ्याकडून विमानाच्या यंत्रापेक्षा जास्त पुरावा मागावा लागेल, कमी नव्हे.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी आजच सुरू करता येतील. पहिली, प्रत्येक कसोटीच्या कागदावर एका वाक्यात तिचा दावा लिहावा: हे गुण मिळाले म्हणजे विद्यार्थ्याला पुढे काय करू द्यायचे. दावा लिहिला की त्याचे उणेपण आपोआप डोळ्यांपुढे येते. दुसरी, दोन परीक्षकांनी एकमेकांस न विचारता गुण द्यावेत आणि वर्षअखेर त्यांतील तफावत जाहीर करावी. तिसरी, पुतळ्यावर उत्तीर्ण झालेल्यांच्या पहिल्या काही खऱ्या शस्त्रक्रिया, वरिष्ठांच्या देखरेखीखाली, त्याच तक्त्याने तपासाव्यात आणि दोन्ही गुण शेजारी शेजारी मांडावेत. ते जुळले तर पुतळ्यावरचा विश्वास वाढेल. न जुळले तर पुतळा बदलावा. चौथी, नापासाचे काय होते याची नोंद ठेवावी. नापास म्हणजे शिक्का नसून आणखी सराव, असे असेल तरच विद्यार्थी आपली अडचण उघड करील. ही जुळवाजुळव करायला संख्याशास्त्राचे अध्यापक आणि पदव्युत्तर विद्यार्थी लागतील. ते याच शहरात आहेत, आणि त्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात.

आणखी एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे, कारण ती या अंकाच्या दोन्ही विभागांच्या वाचकांना उद्देशून आहे. रबरी पुतळा बोलत नाही. बिदरची एखादी म्हातारी कानडीत “ಭಯ” म्हणते ते, किंवा नांदेडचा शेतकरी “पोटात कालवाकालव होतीया” म्हणतो ते, त्याच्याकडून ऐकू येणार नाही. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला समजेल अशा भाषेत धोका सांगणे आणि त्याची संमती घेणे हाही सर्जनच्या कामाचाच भाग आहे, आणि तो वगळणारी परीक्षा अपुरी आहे. अमेरिकेतील डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये निरोगी माणसांना रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. ती पद्धत पुढे जगभर पसरली. कोठीच्या परिसरात मराठी बोलणारे, कानडी बोलणारे, तेलुगू आणि दखनी बोलणारे विद्यार्थी शेकड्यांनी आहेत. स्नेहसंमेलनात ते एकांकिका करतात. त्यांनी वर्षातून चार शनिवार रोग्याची भूमिका घेऊन वैद्यकीय विद्यार्थ्यांसमोर बसावे, आणि शेवटी परीक्षकाला एवढेच सांगावे की आपल्याला काय समजले व काय समजले नाही. असा प्रस्ताव घेऊन आमच्या नाट्यमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयाकडे जावे, असे मी सुचवतो. पत्राचा मसुदा करून द्यायला मी तयार आहे. कानडी विभागाच्या संपादकांनी सोबत यावे, ही विनंती.